मुंबईत चार दिवस हातात आहेत. नाटक, गाणं, चित्रं... काय काय बघून होईल?

रंकाळा_संध्याकाळ (सोमवार, रात्री १०.४०)

नमस्कार मंडळी, दोन वर्षं नुसती वाचतोय, आज पहिल्यांदा धागा काढतोय. (हो, मी बाई आहे. कोल्हापुरात बायका पण आलो-गेलोच म्हणतात, त्यावरनं चेष्टा नको, पुण्याच्या नणंदेनं आयुष्यभर पुरेल एवढी केलीय.)

तर झालंय असं की आमच्या ह्यांनी लग्नाला तीस वर्षं झाल्याबद्दल स्वतःहून विचारलं, कुठं जायचं. मी म्हटलं मुंबई. ते म्हणाले सिद्धिविनायक? म्हटलं नाही, नाटक बघायचं, गाणं ऐकायचं आणि प्रदर्शनं बघायची. तर म्हणतात कसं, प्रदर्शनाला मुंबई कशाला, मेरी वेदर ग्राउंडवर दरवर्षी कृषी प्रदर्शन असतंय की, त्यात तो हत्तीएवढा रेडा पण असतोय. आता ह्यांना चित्रांचं प्रदर्शन कसं समजावून सांगू! आपल्याकडं प्रदर्शन म्हटलं की एक तर रेडा नाहीतर 'साड्या व मसाले, प्रदर्शन आणि विक्री'.

सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात बुधवारी रात्री महालक्ष्मीनं निघायचं, गुरुवारी सकाळी दादर, रविवारी रात्रीच्या महालक्ष्मीनंच परत. सोमवारी ह्यांच्या भांड्याच्या दुकानाला सुट्टी असते म्हणून असा हिशोब. मुक्काम भाचीकडं दादरला. चार दिवसांत काय बघावं, काय सोडावं? खरं सांगायचं तर आपलं केशवराव नाट्यगृह जळाल्यापासनं एक धड नाटक बघितलेलं नाही, त्यामुळं भूक मोठी आहे आणि पोट किती मोठं आहे ते माहीत नाही.

पेठेतला_पावणा (सोमवार, रात्री ११.०५)

ताई पहिलं अभिनंदन. तीस वर्षांनी नवऱ्यानं स्वतःहून विचारलं म्हणजे नाटक घरातच झालं की, मुंबईला कशाला चाललाय 😄

जाऊन या पण एक सांगतो, चार दिवसांत मुंबई बघून होत नसती. मी गेलतो मागच्या साली, तीन दिवसांत नऊ ठिकाणं केली आणि आता काय बघितलं म्हणशीला तर फक्त टॅक्सीचं मीटर आठवतंय.

सासर_दादर (मंगळवार, सकाळी ८.१५)

अगं ये ये! माहेर शाहूपुरी, सासर दादर, बावीस वर्षं झाली. तू अगदी बरोबर वार निवडलेस. मराठी व्यावसायिक नाटकांचे प्रयोग बहुतेक शनिवार-रविवारीच लागतात, एक दुपारी चारच्या आसपास, एक रात्री आठ-साडेआठला. सोम ते गुरू नाटक बघायचं म्हटलं तर नशीब लागतं. आठवड्याचा कार्यक्रम पेपरातल्या नाटकांच्या पानावर येतो, तिकिटं बुकमायशोवर नाहीतर तिकिटालयवर मिळतात. पण भाचीला सांग, प्रत्यक्ष खिडकीवर जाऊन ये म्हणावं, तिथं प्लॅन दाखवतात आणि कुठली खुर्ची खांबामागं आहे ते खिडकीवरचा माणूस खरं सांगतो, ॲप सांगत नाही.

दादरला राहणार म्हणजे शिवाजी मंदिर चालत. १९६५ सालचं थिएटर आहे, प्लाझा सिनेमाच्या समोर, आणि मध्यंतरातला बटाटावडा हा नाटकाचा तिसरा अंक समजायचा. माटुंग्याला यशवंत, पार्ल्याला दीनानाथ, प्रभादेवीला रवींद्र. सगळीकडं जायचं नाही, नाटक ठरव आणि ते जिथं लागलंय तिथं जा.

आणि ह्यांना घेऊन येतेस तर पहिलं नाटक विनोदी घे गं बाई. पहिल्याच दिवशी कुटुंबाच्या ऱ्हासाचं तीन अंकी दाखवलंस तर माणूस परत यायचा नाही.

तिसरी_घंटा (मंगळवार, सकाळी ९.३०)

केशवरावचं नाव काढलंत आणि सकाळी सकाळी गळा दाटला.

मी त्या स्टेजवर अठरा वर्षं पाठीमागं काम केलंय, नेपथ्य, प्रकाश, कधी कधी नुसतं पडदा ओढायला. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आग लागली आणि दुसऱ्या दिवशी केशवराव भोसल्यांची जयंती, ९ ऑगस्ट. हार-फुलं आणून ठेवलेली होती. रस्त्यावर उभी राहून म्हातारी माणसं रडत होती, ज्यांनी तिथं कधी तिकीट काढून नाटक बघितलं असेल नसेल ती पण.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: हे थिएटर शाहू महाराजांनी बांधलं, १९१५ ला सुरू झालं, तेव्हा नाव पॅलेस थिएटर. शेजारी खासबागचं कुस्ती मैदान, ते १९१२ चं. एकाच माणसानं एका भिंतीला लागून पैलवानाची आणि गायकनटाची सोय केली. पुढं नाट्यगृहाला संगीतसूर्य केशवराव भोसल्यांचं नाव दिलं.

लोक विचारतात बाहेरची नाटकं आता कोल्हापुरात का येत नाहीत. कारण साधं आहे. दुसरे हॉल भाषणांसाठी, सत्कारांसाठी बांधलेत. स्टेजला खोली नाही, विंगेत माणूस आडवा उभा राहिला तरच मावतो, वर लाईट टांगायला बार नाही, दोन मजली नेपथ्य आलं तर ते टेंपोतच ठेवायचं. निर्माता एका बसमध्ये नट आणि एका टेंपोत सेट घेऊन मुंबईहून चारशे किलोमीटर येतो, इथं येऊन अर्धा सेट लावायचा आणि निम्मी तिकिटं विकायची, कोण येईल? एकदा आम्ही एका हॉलवर (नाव नको, तिथले लोक चांगले आहेत) घराचा सेट लावला तर दारच लागेना. नट सगळा प्रयोग भर खिडकीतनं ये-जा करत होता आणि प्रेक्षकांना वाटलं दिग्दर्शकाला काहीतरी सुचवायचंय. दुसऱ्या दिवशी एकानं त्यावर परीक्षण पण लिहिलं.

ताई, जाऊन या मुंबईला, पण नोव्हेंबरात राज्य नाट्य स्पर्धेची हौशी नाटकं असतात ती पण बघा. चहा-वड्याच्या पैशात तिकीट असतं.

षड्ज (मंगळवार, दुपारी १.२०)

गाण्याबद्दल मी लिहितो.

सप्टेंबरमध्ये सवाईसारखे मोठे महोत्सव नसतात, ते सगळं डिसेंबर-जानेवारीत. पण नरिमन पॉइंटला एनसीपीए म्हणून नाटक-गाण्याचं मोठं केंद्र आहे, तिथं काही ना काही असतंच, तिथला महिन्याचा कार्यक्रम आधी बघा. टाटा थिएटरात गाणं मिळालं तर सोडू नका. हॉल पंख्यासारखा पसरलेला आहे आणि माइकशिवाय आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जावा असाच बांधलाय. मी तिथं एकदा तानपुरा लावतानाचा आवाज ऐकला, नुसता तानपुरा, गवई अजून खाकरत होता. आपल्याकडं लग्नाच्या हॉलमध्ये दोन भिंती स्पीकर लावून गाणं ऐकायची सवय, त्यामुळं पहिली दहा मिनिटं वाटतं आवाज कमी आहे. मग कान मोठे होतात.

ह्यांना पहिल्यांदा ख्याल ऐकवणार असाल तर एक युक्ती: आधीच सांगून ठेवा की पहिली वीस मिनिटं काही 'घडणार' नाही. विलंबितात, म्हणजे संथ लयीत, माणूस घर बांधत असतो, पाया काढायला वेळ लागतो. तबल्यावर एक ठिकाण परत परत येतं ते पकडायचं, ती सम. सम सापडली की दुकानदार माणूससुद्धा मान हलवायला लागतो, कारण हिशोब जुळतो.

आणि कोल्हापूरकरांनी जयपूर घराण्याचं गाणं ऐकताना जरा ताठ बसावं. अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या पदरी दरबारी गायक होते. १९२२ ला महाराज गेले आणि खाँसाहेब मुंबईला गेले. केसरबाई, मोगूबाई त्यांच्याच शिष्या. म्हणजे तुम्ही मुंबईला जे ऐकणार त्यातलं बरंचसं इथनंच गेलेलं आहे.

पेठेतला_पावणा (मंगळवार, दुपारी १.५०)

हेच तर म्हणतोय मी! आपल्या गावात सगळं जन्माला येतंय आणि कडेवर घेण्याइतकं झालं की पुण्या-मुंबईला जातंय. खाँसाहेब गेले मुंबईला. प्रभात फिल्म कंपनी १९२९ ला इथं निघाली आणि १९३३ ला पुण्याला गेली. आता पुण्यातली पोरं मला सांगत्यात प्रभात पुण्याची. अरं लेकानो, बाबूराव पेंटरनी इथं स्वतःच्या हातानं सिनेमाचा कॅमेरा बनवला तेव्हा तुमच्यात... जाऊ दे. खरी कॉर्नरला त्या कॅमेऱ्याचं स्मारक आहे, त्याच्याखाली लोक गाडी लावून वडापाव खात्यात.

आणि आता आपणच तिकीट काढून आपलंच गाणं ऐकाय मुंबईला जायचं. कमाल हाय.

सासर_दादर (मंगळवार, दुपारी २.३०)

पावणं, मी पण इथनंच गेले, मला पण परत बोलवा मग 😄 मुली सासरी जातात तसं गाणं पण जातं. जिथं नांदतं तिथं नांदू द्या.

कुंचला (मंगळवार, सायंकाळी ६.१०)

मी एका शाळेत चित्रकला शिकवतो. प्रदर्शनांचं सांगतो, थोडं लांबेल.

काळा घोड्याला एक अख्खा दिवस द्या, शुक्रवार द्या. जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ ची, फुकट. अकराला उघडते, सातला बंद. तिथली प्रदर्शनं मंगळवारी बदलतात, आठवडाभर चालतात, म्हणजे शुक्रवारी सगळं लागलेलं मिळेल. बाहेर फूटपाथवर पण चित्रं मांडलेली असतात, ती टाळू नका. रस्ता ओलांडला की एनजीएमए, म्हणजे सरकारचं आधुनिक कलेचं संग्रहालय, जुना सर कावसजी जहांगीर हॉल, आतनं पूर्ण बदललाय, अर्धगोल जिन्यानं एकेक मजला वर चढत जायचं आणि सगळ्यात वर घुमट. त्याला सोमवारी सुट्टी असते, तुम्ही सोमवारी नाही म्हणून बरं. शेजारी वस्तुसंग्रहालय, पूर्वीचं प्रिन्स ऑफ वेल्स. इमारत विटेट नावाच्या साहेबानं केली, लोकांसाठी १९२२ ला उघडली. ह्यांना चित्रांचा कंटाळा आला तर तिथं अकबराचं चिलखत आहे, ते दाखवा. भांडीवाल्याला धातूकाम आवडतंच. अॅसिरियातल्या राजवाड्याच्या दगडी पाट्या आहेत त्या पण बघा, दाढीच्या एकेक कुरळ्या केसावर छिन्नी चालवलीय, दगड आहे हे विसरायला होतं.

आता चित्र कसं बघायचं. माझ्या विद्यार्थ्यांना सांगतो तेच सांगतो. सगळी चित्रं बघायची नाहीत. हॉलमध्ये एक भरभर फेरी मारायची, बाजारात भाजी बघतो तशी. मग ज्या एका चित्रापाशी पाय थांबला होता तिथं परत जायचं आणि पाच मिनिटं उभं राहायचं. घड्याळ लावून पाच. पहिल्या मिनिटात विषय दिसतो, दुसऱ्यात रंग, तिसऱ्यात कंटाळा येतो, चौथ्यात हात दिसायला लागतो, म्हणजे कुठं ब्रश जोरात ओढलाय, कुठं भीत भीत लावलाय. खाली लिहिलेलं नाव-किंमत सगळ्यात शेवटी वाचायची. ह्यांना किंमत आधी वाचू देऊ नका, नाहीतर पुढचं सगळं प्रदर्शन त्यातच जाईल.

आणि रागवणार नसाल तर एक. टाऊन हॉल म्युझियम बघितलंय का तुम्ही दोघांनी? सीपीआर दवाखान्याच्या समोर. पावण्यांनी वर सगळं गाव सोडून गेलं म्हणून गळा काढलाय, पण आबालाल रहिमान मुंबईच्या जे.जे.मधनं शिकून परत कोल्हापूरला आले, कोटितीर्थ तळ्याच्या काठाला राहिले आणि रंकाळा, पाणी, झाडं, ढग रंगवत बसले. त्यांची चित्रं टाऊन हॉलमध्ये आहेत. शाहू महाराज गेल्यावर त्यांनी आपली कितीतरी चित्रं कोटितीर्थात बुडवली असं गावात सांगतात. तुमचं नाव रंकाळा_संध्याकाळ आहे म्हणून विचारलं.

रंकाळा_संध्याकाळ (मंगळवार, रात्री ९.५५)

सर, लाजवलंत. टाऊन हॉलच्या बागेत शंभरदा बसलोय, पोरं लहान होती तेव्हा तिथल्या तोफांवर बसवून फोटो काढलेत. आत एकदा शाळेच्या सहलीला गेलतो, पितळेचा एक छोटा माणूस आठवतोय, बाईंनी परदेशी देव म्हणून सांगितलेलं. ह्यांना विचारलं तर म्हणाले, आत काय असतंय?

कुंचला (मंगळवार, रात्री १०.१५)

तो पोसायडन, ग्रीकांचा समुद्रदेव. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर उत्खनन झालं त्यात सापडला. समुद्र कुठं, पंचगंगा कुठं! दोन हजार वर्षांपूर्वी आपला व्यापार रोमपर्यंत होता त्याची ती खूण. मुंबईहून आल्यावर जा.

मिसळसम्राट (मंगळवार, रात्री ११.३०)

कुणी खाण्यापिण्याचं बोलंना. पृथ्वी थिएटर ऐकलंय, जुहूला, तिथलं कॅफे भारी म्हणत्यात. नाटक बघाय जावं लागतंय का नुसतं खाऊन येता येतंय?

तिसरी_घंटा (बुधवार, सकाळी ७.४५)

नुसतं खाऊन येता येतं, पण तसं करू नका, पाप लागेल.

पृथ्वी बघण्यासारखंच आहे. १९७८ ला सुरू झालं, दोनशेच्या आसपास खुर्च्या, स्टेज पुढं आलेलं आणि तिन्ही बाजूंनी प्रेक्षक. नट घाम पुसतो तो आपल्याला दिसतो, आपण जांभई दिली ती नटाला दिसते. खुर्चीला नंबर नाही, आधी येईल तो आधी बसेल, म्हणून रांगेत लवकर उभं राहायचं. आणि तिसरी घंटा झाली की दार बंद, मग कोणीही असो. आपल्याकडं पहिल्या अंकाच्या मध्यावर पुढची रांग भरते, टॉर्च मारत मारत, 'सरका जरा' म्हणत, आणि त्याच रांगेतले साहेब मध्यंतरात हार घालून घेऊन निघून जातात. तिथलं एक दार उचलून इथं आणावं असं मला फार दिवस वाटतंय.

दादरहून जुहू लांब आहे, दीड तास धरा.

षड्ज (बुधवार, सकाळी ९.००)

मुंबईत अजून एक जागा, ऑपेरा हाऊस, चर्नी रोडला. १९११ ला पंचम जॉर्जच्या हस्ते उद्घाटन, १९९३ ला बंद पडलं, तेवीस वर्षं तसंच कुलपात, आणि २०१६ ला जसंच्या तसं करून उघडलं. बाळगंधर्व, दीनानाथ मंगेशकर तिथं उभे राहिलेत. आता रोज कार्यक्रम नसतात, पण त्या चार दिवसांत काही असेल तर नुसता हॉल बघायला जा, सोनेरी सज्जे, वर झुंबर.

आणि तिसरी_घंटा यांच्यासाठी एक मुद्दाम. एनसीपीएचं जमशेद भाभा थिएटर बांधून होत आलं होतं आणि १९९७ ला आगीत गेलं. परत बांधलं, १९९९ ला उघडलं. आज आत उभं राहिलं तर कळत नाही.

तिसरी_घंटा (बुधवार, सकाळी ९.२०)

हे माहीत नव्हतं. दोन वर्षांत?

षड्ज (बुधवार, सकाळी ९.२५)

दोन वर्षांत.

पेठेतला_पावणा (बुधवार, सकाळी ९.४०)

त्यांच्या पाठीशी टाटा होते. आपलं केशवराव सरकारी. पण नवीन बांधताना बाहेरच्या दगडी भिंती तशाच ठेवणार म्हणालेत. मी फिरायला जाताना रोज एक नजर टाकतो, मचाण लावलेलं आहे का, माणसं आहेत का. बायको म्हणते स्वतःच्या घराचं काम चालू होतं तेव्हा एवढं बघितलं नव्हतं.

केशवराव म्हणजे काय चीज होती हे नव्या पोरांना कोणीतरी सांगा रे. मानापमान नाटकाचा प्रयोग, टिळक स्वराज्य फंडासाठी, ८ जुलै १९२१, मुंबईला बालीवाला थिएटरात. बाळगंधर्व भामिनी आणि आपले केशवराव धैर्यधर. दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे राजे एका स्टेजवर! आणि त्याच ऑक्टोबरात केशवराव गेले, वय एकतीस. एकतीस! आमच्या गल्लीतली पोरं एकतीसाव्या वर्षी 'काय तर करूया' म्हणालीत.

सासर_दादर (बुधवार, दुपारी १२.१०)

धागा भरकटला. ताई, माझा प्लॅन ऐक. गुरुवार आराम, संध्याकाळी शिवाजी पार्कला कट्ट्यावर बस. शुक्रवार काळा घोडा, संध्याकाळी तिथनंच एनसीपीए. शनिवार दुपारी नाटक, रात्री काही नाही. रविवार दुपारी एखादं प्रायोगिक मिळालं तर, नाहीतर झोप आणि रात्री गाडी. दिवसाला एकच गोष्ट. बीकेसीला ते अंबानींचं नवीन केंद्र पण आहे, २०२३ ला उघडलं, दोन हजार खुर्च्यांचं थिएटर, डोळे दिपतात, तिकिटाचा आकडा बघून पण दिपतात. ते पुढच्या वेळी.

रंकाळा_संध्याकाळ (तेरा दिवसांनी, मंगळवार, रात्री १०.२०)

आलो बाबा एकदाचे. सगळ्यांनी विचारलं म्हणून सविस्तर लिहितो.

नाटक विनोदी बघितलं, शिवाजी मंदिरला, शनिवारी दुपारचं. हे एवढे हसले की पुढच्या रांगेतली बाई वळून बघाय लागली. मध्यंतरात वडा खाल्ला. दुसऱ्या अंकात सासू-सुनेचा एक गंभीर प्रवेश होता, तिथं नटी काही न बोलता नुसती साडीची घडी घालत होती, उभी घडी, मग आडवी, मग परत उलगडून पहिल्यापासनं. अख्खं थिएटर गप्प. मला माझी आई दिसली. पंख्याचा आवाज येत होता तेवढाच. नाटकाला का जायचं हे मी विसरलो होतो, त्या घडीनं आठवलं. मोबाईलवर पण नाटकं बघतोच की, पण तिथं मी अशा वेळी कुकरची शिट्टी मोजत असतो.

जहांगीरला पाच मिनिटांचा नियम केला. हे तिसऱ्या मिनिटाला कंटाळून 'बास की' म्हणाले, चौथ्याला गप्प झाले. एका छोट्या चित्रापाशी उभे होते, नुसतं तांब्याचं पातेलं आणि एक लिंबू. म्हणाले, हा माणूस कल्हई गेलेलं पातेलं बघून काढतोय, आतल्या बाजूला तपकिरी मारलाय बघ, कल्हई असती तर पांढरा पडला असता. चित्रकार तिथंच बसलेला, तो उठून आला आणि दोघं अर्धा तास पातेल्यावर बोलले! मी एकटी सगळं प्रदर्शन बघून आलो तरी यांचं चालूच. कुंचला सर, किंमत नंतर वाचली, ह्यांनी आवंढा गिळला पण काही बोलले नाहीत.

अकबराच्या चिलखताला मात्र मार्क दिले नाहीत, म्हणे वजनाला जड असणार, घोडं दमत असेल.

आता गंमत. शुक्रवारी एनसीपीएला आपलं गाणं नव्हतं, त्यांचं ते सिम्फनी ऑर्केस्ट्राचं होतं, सप्टेंबरात त्यांचा सीझन असतो म्हणे. भाचीनं तिकिटं काढून ठेवलेली. एवढे व्हायोलिनवाले एकदम गज ओढतात, सगळे गज एकाच बाजूला, शेतात वारं आल्यासारखं. मला फार आवडलं. पहिला भाग संपला, शांतता झाली, आणि आमच्या ह्यांनी जोरदार टाळ्या वाजवल्या. एकट्यांनी. आणि 'वा!' पण म्हणाले. सगळं थिएटर गप्प, आणि हे खासबागेत कुस्ती निकाली झाल्यासारखे. भाची खुर्चीत खाली खाली सरकत गेली. मग कळलं की चारी भाग संपल्यावरच टाळ्या वाजवायच्या असतात. शेजारी एक पारशी आजोबा होते, त्यांनी वळून हसून मान हलवली आणि हळूच सांगितलं की पूर्वी लोक मध्येच वाजवायचे, चांगलंच आहे. ह्यांनी नंतर मला विचारलं, मग दाद द्यायची कधी, माणूस विसरून जाईल की तोपर्यंत.

पृथ्वी राहिलं. रविवारी अंगात त्राण नव्हतं, सासर_दादर म्हणाली तसं झोपलो.

षड्ज (मंगळवार, रात्री १०.४५)

तुमच्या मिस्टरांना साष्टांग नमस्कार. आपल्या बैठकीत जागेवर दाद देतात तेच त्यांनी केलं. आता देवल क्लबात गाणं असेल तेव्हा घेऊन या, तिथं केव्हाही 'वा' म्हटलेलं चालतं. जानेवारीत टाऊन हॉलच्या बागेत रंगबहार संस्थेची मैफल असते रंगसुरांची, एकीकडं गाणं चालू आणि झाडाखाली चित्रकार चित्रं काढतात, मातीकाम करतात. पातेल्याबद्दल बोलायला माणसं भरपूर मिळतील.

मिसळसम्राट (मंगळवार, रात्री ११.१०)

वडा कसा होता ते दोन शब्दांत उरकलंय. तपशील द्या.

रंकाळा_संध्याकाळ (पुढच्या सोमवारी, दुपारी ४.३०)

वडा चांगला होता पण खासबागेतल्या भेळेची सर नाही.

आज दुकानाला सुट्टी. सकाळी चहा पिता पिता हे आपणहून म्हणाले, चल, तुझ्या त्या सरांनी सांगितलंय ते टाऊन हॉल बघून येऊ, तळ्यात चित्रं बुडवणाऱ्या माणसाची चित्रं बघायची आहेत. मी साडी बदलली, चष्मा घेतला, रिक्षानं गेलो. दाराला हे एवढं मोठं कुलूप. पाटी: सोमवारी बंद.

बागेत तोफेजवळ बसून शेंगा खाल्ल्या आणि आलो.

कुंचला (सोमवार, सायंकाळी ५.०५)

अहो ताई, मुंबईच्या सोमवारचं सांगितलं आणि इथल्या सोमवारचं सांगायचं राहिलं, चूक माझी. मिस्टरांना म्हणावं उद्या दुकान दोन तास उशिरा उघडा. मी साडेदहाला दारात उभा राहतो.